चष्मेवाले नाना यांची लिलावावरील स्वारी

ज्यांची बोली लहान परंतु छाती थोर, ऐशा पुरुषांचे पराक्रम कोणी लिहून न ठेविले तर ते हवेत विरतात, आणि पुढल्या पिढीस वाटते की मागे कोणी काही केलेच नाही. सबब, अखंडितभिंगअलंकृत, सकलचक्षुहितकर्ते, राजमान्य राजश्री चष्मेवाले नाना यांनी ऑनलाइन लिलावाच्या अनोळखी मुलुखात खाशी स्वारी करोन जे यश संपादिले, त्याची हकिकत जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालिता, येथे लिहिली असे.

कलहाचे मूळ ऐसे की, एके रविवारी नानांचे मेहुणे, बाईसाहेबांचे थोरले बंधू, काखेत नाण्यांचा आल्बम मारोन चहास आले, आणि पाने उलटीत एकेका नाण्याची कुळी, टांकसाळ व किंमत सांगू लागले. नाना कौतुके बोट लावू गेले, तो मेहुण्यांनी आल्बम मागे ओढिला आणि म्हणाले, "नाना, याला नजर लागते. चष्मे विकून ती येत नाही."

हे शब्द भाल्यासारखे काळजात शिरले. चहा कपातच निवाला. आणि मग नानांनी मनोमन पण केला की, लिलावात स्वतःचे नाणे जिंकोन आणीन, तोवर या गृहस्थासमोर बिस्किटास शिवणार नाही.

मोहिमेस बाईसाहेबांची परवानगी लागे. त्यांनी दुकानाची शिल्लक पाहोन फर्मान काढिले की, खर्चास पाच हजार मंजूर, त्यावर छदाम नाही. डोळे तपासायची खुर्ची आपोआप खाली बसते, तिची दुरुस्ती आधीच तटलेली आहे. नानांनी फर्मान मस्तकी धरिले आणि लिलावघराच्या वेशीवर धडक दिली. तेथे परवलीच्या शब्दावरोन मोठे रण माजले. पहिला शब्द आखूड ठरला, दुसऱ्यात आकडा नव्हता, तिसऱ्यात चिन्ह नव्हते, आणि चौथा नानांनी रागाने जो लिहिला तो येथे लिहिण्याजोगा नाही, परंतु दरवाजा त्यानेच उघडला. आत शर्तींचे जंगल लागले. नानांनी ते न वाचिताच तळाशी जाऊन "मान्य" या बुरुजावर बोट ठेविले. नवख्या सरदारांची चूक येथेच होते, परंतु ती त्या समयी कळत नसते.

मग नानांची दृष्टी दोनशे बाराव्या नाण्यावर पडली. चांदीचे, वाटोळे, वर दोन घोडे उधळलेले. तसबीर पाहताच नाना भुलले, आणि तसबिरीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिले आहे तिकडे पाहिलेही नाही. दुसऱ्यांना आयुष्यभर बारीक अक्षर दाखविले, स्वतः पाहिले नाही. ईश्वरेच्छा.

लिलावाचा दिवस उजाडला. नाना दुकानी मोबाइल भिंगांच्या पेटीस टेकवोन, तोफेपाशी गोलंदाज बसतो तैसे बसले. आणि नेमक्या त्याच समयी निवृत्त ग्रंथपालबाई नंबर तपासण्यास आल्या. गिऱ्हाईक परत धाडणे हा नानांचा धर्म नव्हे. बाईंस खुर्चीत बसविले, नाकावर तपासणीची लोखंडी चौकट चढविली, आणि एक हात भिंगांवर व एक हात बोलीवर ऐसे दुहेरी युद्ध आरंभिले.

पलीकडे सतरा क्रमांकाचा गनीम मोठा चिवट निघाला. नानांनी दोन हजार म्हणता तो अडीच म्हणे. नाना तीन, तो साडेतीन. ऐसी हातघाई होता होता नाना साडेचार हजारांवर आले, कपाळी घाम आला, आणि गनीम चार हजार आठशेवर उभा ठाकला. नाना भान हरपोन सहा हजार लिहू लागले. बाईसाहेबांचे फर्मान विसरले. मेहुण्यांचे हसू तेवढे दिसत होते.

तो ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो चष्मेवाले, मला काहीच दिसत नाहीये."

पाहतात तो नानांनी दोन्ही डोळ्यांवर काळ्या चकत्या घातल्या होत्या. मोठे शरमिंदे होऊन चकत्या काढिल्या, हातास आली ती भिंगे बसविली, आणि फळ्याकडे बोट दाखवावे ते घाईत मोबाइलच पुढे धरिला. "आता वाचा बरं खालची ओळ."

बाईंनी खड्या आवाजात वाचिले, "'वरच्या बाजूस भोक, ते बुजवलेले. लटकन म्हणून वापर झाला असावा. बोलीवर दलाली व कर निराळे.' वा! फारच छान दिसतंय हो, हाच नंबर द्या!"

नानांचे बोट अधांतरी राहिले. "भोक?"

"बुजवलेलं," बाई म्हणाल्या. "स्वच्छ लिहिलंय."

नाना मनी बहुत खिन्न जाहले, परंतु शहाणा सेनापती तोच, जो माघार घेणे जाणतो. सहा हजार पुसले. हातोडा पडला, आणि भोकासह दोन्ही घोडे गनीम घेऊन गेला.

पाठोपाठ दोनशे तेरावे नाणे आले: तांब्याचे, ठसा एका अंगास सरकलेला, त्यावर एक कासव आणि त्यास मुंडके नाही. पुकार तीनशेचा. कोणी हूं की चूं करीना. इतक्यात खुर्चीने दगा दिला, ग्रंथपालबाई सुस्कारा टाकीत भुईकडे निघाल्या, नाना त्यांस सावरावयास झेपावले, आणि अंगठा बोलीच्या बटणावर सपशेल टेकला. एक जाहले, दोन जाहले, तीन जाहले. समोर शत्रूच नाही, तेथे कोण काय करील? मोबाइलने विजयाची शिंगे फुंकिली. "अभिनंदन कसलं आलं हो?" बाईंनी खालून विचारिले. नाना म्हणाले, "बाई, मी जिंकलो वाटतं."

दलाली व कर धरोनही मोहीम फर्मानाच्या आतच राहिली, आणि चौथे दिवशी कासव बंद पाकिटातून घरी दाखल जाहले. बाईसाहेबांनी पाहोन इतकेच विचारिले, "मोडकं का घेतलंत?" नानांनी कासव कपाटात ठेविले.

पुढे रविवारी मेहुणे हर्षभरित आले आणि नवे नाणे मेजावर ठेविले. चांदीचे. दोन घोडे. म्हणाले, "लिलावात मारलं! कोणी एक मूर्ख पार शेवटपर्यंत नडत होता. मी म्हटलं, सोडतो की काय! बघा नाना, जरा भिंगातून बघा."

नानांनी भिंग डोळ्यास लाविले. घोड्यांच्या वर, कडेपाशी, बुजविलेले भोक चंद्राएवढे दिसले. वैऱ्याची मान आयती सुरीखाली आली होती. एक शब्द पुरे होता. नानांनी मेहुण्यांचे तोंड पाहिले. पन्नाशीचा गृहस्थ, परंतु डोळे ऐसे लकाकत होते की बोलण्यास जीभ धजेना.

"चांगलं आहे," नाना म्हणाले. "सांभाळून ठेवा."

"बघ गं," मेहुणे बहिणीस लाडाने म्हणाले, "नानांना नजर येतेय हळूहळू." बाईसाहेबांनी भिंग घेतले, बंधूंचे नाणे न्याहाळिले आणि परत दिले. नानांनी कासवाचे नाव काढिले नाही. बिस्किटासही शिवले नाहीत.

मेहुणे गेलियावर बाईसाहेबांनी कपाटातून तांब्याचे नाणे काढिले, खिडकीपाशी उजेडात नेले, आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या.

"अहो, हे मोडकं नाहीये," त्या म्हणाल्या. "मान आत ओढून घेतलीय त्यानं."

"ठसा सरकलाय तो," नाना म्हणाले.

"असेल. भोक मलाही दिसलं होतं, दादाच्या नाण्यातलं." आणि मग बाईसाहेब हसल्या, आणि ताटलीतील उरले बिस्कीट त्यांनी स्वहस्ते नानांपुढे सरकविले.

येणेप्रमाणे गनीम खुशीत राहोन, खजिना शाबूत राहोन, एक तांब्याचे कासव सन्मानपूर्वक घरात कायम जाहले. नानांची फत्ते जाहली, हे जाणिजे. खुर्ची मात्र अद्याप खाली बसते.