शालिकभाऊंचा डावा हात

अकोल्याच्या मे महिन्यात माणूस अंगावरची कातडीसुद्धा काढून दोरीवर टाकायला तयार असतो. त्या उन्हात आमचे शेजारी शालिकभाऊ डाव्या हातात लोकरीचा मोजा घालून हिंडतात. एकाच हातात. नवा माणूस हळहळून विचारतो, "भाजलं का हो?" शालिकभाऊ म्हणतात, "भाजू नाई म्हनून घातला," आणि चालू लागतात.

शालिकभाऊ डेंटर आहेत. पातूर रोडला त्यांचं शेड आहे. ठोकलेल्या गाड्या सरळ करणं हे पोटाचं काम. मनाचं काम वेगळं. गाडीचा टप, म्हणजे छत, आणि बाजूचा पत्रा जुळतात तिथे दोन्ही अंगांनी एक नाळी असते. गाडी बनवणारे त्यात रबराची पट्टी दाबून मोकळे होतात. शालिकभाऊंना ती नाळी बघवत नाही. हौशी गिऱ्हाईक मिळालं, की ते ठिपक्याठिपक्यानं वेल्डिंग करून ती बुजवतात. प्रत्येक ठिपक्यानंतर ओलं फडकं, कारण घाई केली की पत्रा फुगतो. मग ठोकणं, मग खळग्यांत पुटीन भरणं, मग घासणं. शेवटी टप पालथ्या परातीसारखा एकसंध दिसतो. "जोड दिसला, तं काम झालं कुठी?" हे त्यांचं ब्रीद.

काम तपासायचं ते डोळे मिटून, डाव्या तळहातानं. "डोया फसवते मास्तर, तयहात नाई फसवत." उजवा हात हातोडीनं राठ झालेला, म्हणून डावा जपायचा. रोज खोबरेल आणि वर मोजा.

हे वेड घरीही सुटत नाही. भाकरीला काठाशी चीर दिसली, की ते ती बाजूला सारत आणि म्हणत, "हे अॅक्सिडेंटची हाय." त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी, एकदा शांतपणे विचारलं, "मंग पुटीन भरून देऊ काय?"

वलगावच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी मांडवापाशी उभी होती. शालिकभाऊंनी मोजा काढला, टपावरून हात फिरवला आणि भर मांडवात वरबापाला म्हणाले, "हे एकडाव उलटली हाय. चालवत कोन होतं?" चालवत होता नवरदेव, आणि हे वरबापालाही ठाऊक नव्हतं. अक्षता अर्धा तास उशिरा पडल्या.

अशा माणसाकडे मी माझ्या साळ्याची गाडी नेली, ही माझीच करणी. सुधीर अमरावतीला असतो. त्यानं वडिलांची जुनी पांढरी गाडी जिवापाड जपलेली. तिचा टप एकसंध करून हवा होता. मी छाती ठोकून सांगितलं, "अख्ख्या वऱ्हाडात असा हात नाही."

ठरल्या रविवारी सुधीर आला. गाडी उन्हात काढली आणि तिरपं ऊन पडताच ड्रायव्हरच्या दरवाजाच्या वर, टपाच्या काठाला, एक लाट दिसली. बारीकच, पण दिसली. मी म्हटलं, आता शालिकभाऊ उन्हालाच दोष देतील. पण नाही. मोजा घातलेला हात पाठीमागे धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आठ दिवस द्या. शांता माहेरी गेली हाय, चांदूर बाजारले."

बायको माहेरी जाण्याचा आणि टपाचा काय संबंध? सुधीर परत जाताना मला वाटभर टोमणे मारत होता. मला शालिकभाऊंचा राग आला. खोटं कशाला सांगू?

चार दिवसांनी भर दुपारी जाब विचारायला शेडवर गेलो. वहिनी माहेरून परतल्या होत्या आणि नेहमीसारखा डबा घेऊन आल्या होत्या. डबा बाकावर तसाच बंद होता. वहिनी डोळे मिटून सुधीरच्या गाडीच्या टपावरून तळहात फिरवत होत्या आणि शालिकभाऊ हातात खडू घेऊन उभे होते.

"इथी. अजून जरासक चढ हाय," वहिनी म्हणाल्या. शालिकभाऊंनी तिथं खूण केली.

मला पाहून शालिकभाऊंचा चेहरा पडला. बाकावर बसले, मोजा काढला, हात माझ्यापुढे धरला.

"शुगर हाय मास्तर. आंधी मुंग्या येत. मंग त्याबी गेल्या. आता टप काय अन् गादी काय, सारं सारकंच लागते. सहा महिने झाले, हेच पाहून देऊन राहिली. त्या रविवारची गाडी म्या एकट्यानं तपासली." मोजा पुन्हा चढवत म्हणाले, "कोनाले सांगू नका. या हातावरच दुकान हाय."

माझा राग कुठच्या कुठे गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं बिंग फोडणारा हा माणूस, आणि मी मान डोलावून त्याचं बिंग पोटात घालत होतो.

आठव्या दिवशी सुधीर आला. उन्हात गाडी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. लाट नव्हती. वाकून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं. मग त्यानं शालिकभाऊंचा हात धरला आणि म्हणाला, "मानलं भाऊ! काय हात आहे तुमचा!" शेडमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि डबा घेऊन आलेल्या वहिनीही. मी वर आढ्याकडे बघत राहिलो.

"हात माहा नाई," शालिकभाऊ मोठ्यानं म्हणाले. "माहा गेला. हा हिचा हाय."

वहिनींनी डबा उचलला आणि पदर सावरत म्हणाल्या, "जेवून घ्या आता."

दुकान बंद पडलं नाही. आता लोक विचारतात, "वहिनींनी हात फिरवला का?"

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो. वहिनी घरापुढच्या ओट्यावर चहा पीत होत्या. डाव्या हातात तो लोकरीचा मोजा, ढगळ होतो म्हणून मनगटाशी पिन लावलेली. आतून थापटल्याचा आवाज येत होता.

"तव्यापाशी बसूच देत नाईत मले," वहिनी म्हणाल्या. "म्हनते, तयहात भाजन."

शालिकभाऊ पिठानं माखलेले बाहेर आले. ताटलीत भाकरी होती. तिला काठाशी तीन ठिकाणी चिरा होत्या, त्यातली एक पार मधोमध गेलेली. ओट्याखाली उभं राहूनही मला ती दिसत होती.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी पिन काढली, मोजा काढला, डोळे मिटले आणि भाकरीवरून सावकाश हात फिरवला.

"जोड लागत नाई कुठीच," त्या म्हणाल्या.