मझल आणि अख्ख्या सोसायटीचे कुकर

"दोन पक्ष्यांची ओळख करून देण्यात चुकण्यासारखं काही नाहीच!" वल्लरीने जाहीर केलं. "क्रम पाळला की झालं."

एम.एस्सी. प्राणिशास्त्र, तेही प्रथम श्रेणीत! तिच्याशी वाद कोण घालणार? आईने फक्त तव्यावरची पोळी उलटली. "तुझे बाबा मला बघायला आले, तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते."

घरातला जुना पक्षी म्हणजे सरपंच. जातीने कॉकाटील, म्हणजे पोपटाचाच छोटा भाऊबंद, रंगाने राखाडी, आणि डोक्यावर असा तुरा की स्वारी फेटा बांधून ग्रामसभेला निघालीय असं वाटावं. वल्लरी तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि सरपंच दिवसभर तिच्याविना एकटे पडले. रिकामपणी त्यांनी दोन कला साधल्या: दाराची बेल आणि कुकरची शिट्टी. बेल वाजली की बाबा धावत जाऊन दार उघडायचे, बाहेर शुकशुकाट! शिट्ट्या मोजून आई गॅस बंद करायची आणि आमटीतली डाळ दाताखाली गोट्यांसारखी वाजायची. इथवर गंमत होती. पण मग सरपंच स्वतःची पिसं उपटू लागले, तेव्हा वल्लरीच्या लक्षात आलं की त्यांना सोबत हवी.

सोबत चालून आली ती नाओमी आंटींकडून. आंटी म्हणजे गावातल्या इस्रायल तळ्याजवळ राहणाऱ्या निवृत्त गणिताच्या बाई. विचुंब्याच्या या सोसायटीतल्या निम्म्या पोरांचे कान त्यांनी पिळलेले. इस्रायल देशात राहणारा मुलगा नोम त्यांना कधीचा तिकडे बोलावत होता. पण आंटींनी दोनदा काढलेलं तिकीट दोन्ही वेळा रद्द केलं, कारण त्यांची पांढरी कॉकाटील, मझल.

"आमच्या हिब्रूत मझल म्हणजे नशीब गं," आंटी म्हणाल्या होत्या. "आणि नशीब काही बॅगेत भरून नेता येत नाही. तू घे तिला. पण निघायच्या दिवशी मी येऊन बघणार. रमलेली दिसली तर विमानात बसेन. नाही तर नोमला सांगेन, बाबा रे, तूच ये इकडे! आणि हो, आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की तिला दोन शितं मिळतात हं."

"शिजवलेला भात नको आंटी," वल्लरी शांतपणे म्हणाली होती. "मी संतुलित आहार देईन."

महिनाभर मझल वेगळ्या खोलीत राहिली. काही आजार नाही ना, याची खात्री झाली. मग उजाडला आंटींच्या निघण्याचा दिवस. आंटी संध्याकाळी जेवायला येणार आणि तिथूनच विमानतळावर जाणार. त्याआधी ओळख! पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बैठक जेवणाच्या टेबलावर, कारण ती जागा दोघांपैकी कुणाचीच नाही.

मझल टेबलावर उतरली. सरपंचांनी तुरा ताठ केला, मान लांबवली आणि तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा फूत्कार सोडला.

"सामान्य प्रतिक्रिया आहे," वल्लरी कुजबुजली. "कुणीही हलू नका."

टिंग टाँग!

"आल्या आंटी!" बाबा उठले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी दार सताड उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पण आता आतही एक कमी होतं! मझल बाबांच्या टकलावरून सुर्रकन गेली ती जिन्याच्या खिडकीतून थेट बाहेर.

"बाबा! ती बेल सरपंचाची होती!"

"अगं, मला काय माहीत! आज इतक्या खरेपणाने वाजवली त्याने!"

सरपंचांना पिंजऱ्यात ढकलून वल्लरी जिना उतरून अंगणात आली. मझल समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्याच्या कठड्यावर बसली होती. वल्लरी हाक मारणार, तोच पलीकडच्या एका स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली. मझल भुर्रकन तिकडे! तिथे शितं मिळाली नाहीत. तोवर मागच्या इमारतीत शिट्टी! मझल तिकडे! ऐन स्वयंपाकाची वेळ. कुठे वरण, कुठे राजमा, कुठे बटाटे. मझल बिचारी पोस्टमनसारखी दारोदार हिंडत होती आणि प्रत्येक खेपेला फाटकाच्या जवळ सरकत होती. फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे झाडं आणि झाडांवर कावळे.

संतुलित आहाराचा महिना वल्लरीच्या डोळ्यांसमोरून गेला. तिने वर बघून जिवाच्या आकांताने आरोळी ठोकली, "आई! सगळ्यांना गॅस बंद करायला सांग! सगळ्यांना!"

आईने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "ताबडतोब गॅस बंद करा." कारण लिहायला वेळ कुणाला होता? कारण लोकांनीच पुरवलं!

"गॅस गळतोय!" पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

"वास येतोय, वास येतोय!" दुसऱ्या मजल्यावरून दुजोरा आला.

बघता बघता अख्खी सोसायटी अंगणात! कुणी बाळ घेऊन, कुणी टीव्ही घेऊन. सेक्रेटरी मढवी काका बनियनवर, पण हातात शिट्टी.

"काका, ती शिट्टी फुंकू नका!" वल्लरी किंचाळली.

"का? गॅस पेटंल?"

तळमजल्याच्या गंगाबाई मात्र आपल्या दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कुठं हाय गॅस? वास हाय तो माज्या बोंबलांचा! तुमच्या ओरडण्यापायी करपलं ना सगलं! मी नाय हलनार हितून!"

"मावशी, गॅस गळतच नाहीये! माझा पक्षी उडालाय!"

"पक्षी?" मढवी काकांनी हातातल्या शिट्टीकडे बघितलं. "मग आमी हितं कशापायी आलोय?"

 वल्लरीने फाटकाकडे बोट दाखवलं. अगदी टोकाशी मझल बसली होती आणि समोरच्या झाडावर दोन कावळे तिचं निरीक्षण करत होते. सगळे गप्प झाले. सगळे कुकरही गप्प.

"बाबा!" वल्लरीने दबक्या आवाजात वर हाक मारली. "आता फक्त आपला कुकर वाजू दे!"

बाबांचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "तो मी बंद केला. सगळ्यांना म्हणालीस ना?"

वल्लरीने घड्याळात बघितलं. आंटींना काय सांगायचं? नशीब उडालं म्हणून?

आणि तेवढ्यात त्या शांततेत बाबांच्याच खिडकीतून आवाज आला. आधी फुस्स, मग लांबलचक, खणखणीत शीऽऽऽ! कुकर थंड होता. वाजत होते ते सरपंच.

मझलने मान वाकडी केली आणि अंगणातल्या सगळ्या डोक्यांवरून बाणासारखी बाबांच्या खिडकीत शिरली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी वेळेवर बंद केलं: खिडकी!

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमक्या त्याच क्षणी फाटकात रिक्षा थांबली. आंटी उतरल्या, समोर बघितलं आणि जागीच थबकल्या. शंभर माणसं! टाळ्या!

"अरे देवा," त्यांनी चष्मा काढला. "एवढे सगळे मला निरोप द्यायला?"

 मढवी काकांनी बनियन खाली ओढलं. "मग? माज्या दोन्ही पोरांना पाढे कुनी शिकवले?"

मग आंटींना कुणी सोडेचना. गंगाबाईंनी तर त्यांना मिठीच मारली. तेवढ्यात वल्लरी धापा टाकत वर पोचली. पिंजऱ्याच्या आत सरपंच आणि बाहेर मझल, दोघं एकमेकांना चिकटून बसले होते. सरपंचांनी मान खाली घातली होती आणि मझल गजांतून त्यांचा तुरा विंचरत होती. वल्लरीच्या क्रमातल्या अजून चार पायऱ्या बाकी होत्या. त्या या दोघांनी विचारल्याच नाहीत.

"रमली हो!" आंटी दारातून म्हणाल्या आणि डोळे पुसत अर्ध्या कच्च्या आमटीशी गंगाबाईंच्या भाकऱ्या जेवून विमानतळावर गेल्या.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दोन्ही पक्षी शेजारी शेजारी, सरपंचांची पिसं भरत आलेली. आंटींना बघताच दोघांनी मिळून शिट्टी ठोकली.

"थांब गं, गॅस बंद करून येते!" आंटी उठून गेल्यासुद्धा. परत आल्या त्या कपाळावर हात मारत. "अगं, मी कुकर लावलेलाच नाही! बरं, तिला शितं देतेस ना?"

"देते, आंटी," वल्लरी खाली मान घालून म्हणाली.

खिचडीचा कुकर लावून शिट्ट्या मोजणारी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "वल्लरी, एवढं शिकलीस, मग सांग बघू! यातली खरी शिट्टी कुठली?"

वल्लरीने सरपंचांकडे बघितलं, मझलकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, आज खिचडी बाहेरून मागवूया का?"