धुंडिराजशास्त्री यांचे अनुष्ठान मोडले आणि तह राहिला त्याची हकीकत

श्री. जठरी वसणाऱ्या अग्निनारायणास साष्टांग नमन असो. तो शांत तर राज्य शांत, तो कोपला तर सिंहासनावरील पुरुषही उकिडवे बसतात. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, वैशाख वद्य पक्षी एका गडावर जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहिले असे.

ते राज्य आणि नदीपलीकडील राज्य यांजमध्ये एका कुरणावरोन बहुत वर्षे कलह चालत आला होता. यंदा उभयतां थकले आणि तहाचे बोलणे लागले, आणि पलीकडोन हैबतराव वकील गडावर आले, आणि महाराजांनी त्यांचे सन्मानार्थ मेजवानी आज्ञापिली. राजगुरू धुंडिराजशास्त्री यांणी तह सिद्धीस जावा म्हणोन अन्न वर्ज्य करोन केवळ विहिरीच्या जळावर राहण्याचे अनुष्ठान आरंभिले. उपासाविषयी शास्त्रीबोवांची ख्याती थोर. देह मात्र भरदार होता. ते तपाचे तेज, ऐसा सर्वांचा समज.

मेजवानीचे दिवशी पाने मांडली जात असता शास्त्रीबोवा पाकास आशीर्वाद द्यावा म्हणोन मुदपाकखान्यात गेले. आचारी नरहरभट पंगतीकडे गुंतले होते, आणि आदले दिवशी आटविलेल्या बासुंदीचे हंडे झाकोन ठेविले होते. शास्त्रीबोवांनी झाकण उचलिले, ते केवळ वास घ्यावयास. मग एक वाटी घेतली, ती केवळ साखर पाहावयास. मग दुसरी का घेतली, हे त्यांसही सांगता येईना. मग ओठ पुसोन, आशीर्वाद देऊन, गंभीर मुद्रेने निघाले.

पंगत उत्तम जाहली. बासुंदीवर मानकऱ्यांनी पैजा मारिल्या. आणि तिसरे प्रहरी अग्निनारायण कोपले. प्रथम सेनापती हातीचा विडा टाकोन उठले, मग महाराज उठले, आणि मग गडावर ऐसी धावपळ जाहली की शत्रूचा छापा पडता तरी न होती. वांती आणि ढाळ, ढाळ आणि वांती. झुडपाझुडपामागे मानकरी, आणि एका तांब्याकरिता दोन सरदार भांडो लागले. एक म्हणे, "आम्ही पंचहजारी!" दुसरा म्हणे, "असाल, परंतु आम्ही आधी आलो!"

शास्त्रीबोवाही घरी आडवे पडले. त्यांचे कुटुंब दुर्गाबाई उशाशी बसोन होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पोटात अन्नाचा कण नाही, तर हे निघते कोठोन?"

शास्त्रीबोवा क्षीण स्वरे म्हणाले, "पूर्वजन्मीचे असेल."

बाई म्हणाल्या, "पूर्वजन्मीच्यास वेलदोड्याचा वास येतो होय?"

शास्त्रीबोवांनी भिंतीकडे तोंड फिरविले.

इतक्यात महाराजांचे बोलावणे आले, आणि शास्त्रीबोवांस डोलीत घालोन सदरेवर नेले. तेथे पायथ्याच्या गावाहोन आलेले त्र्यंबकवैद्य सर्वांस उकळोन निवविलेल्या पाण्यात गूळ आणि मीठ घालोन घोटघोट पाजीत होते. कारभारी कृष्णाजीपंत पोट धरोन उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, हे विष, आणि ते अन्नात नव्हे. शास्त्रीबोवांनी अन्नास स्पर्श केला नाही, केवळ विहिरीचे जळ घेतले, आणि तेही पडले. जेवणापूर्वी हे वकील विहिरीवर हातपाय धुवावयास गेले होते. आणखी काय पाहिजे?"

हैबतराव म्हणाले, "मजलाही ढाळ लागले आहेत!"

कारभारी म्हणाले, "ते सोंग."

महाराज संतापले आणि म्हणाले, "यांचा कडेलोट करा! आणि फौज..." आणि तैसेच घाईने उठोन गेले. परत येऊन म्हणाले, "फौज नदीपार न्या." सेनापती म्हणाले, "फौज हुकमाची ताबेदार आहे, परंतु घोड्यावर बसो म्हणत नाही."

मग हैबतरावांस दोरखंड बांधिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते शास्त्रीबोवांपुढे गुडघे टेकोन म्हणाले, "गुरुमहाराज, माझी मुलगी लग्नाची आहे. आपण या तहाकरिता निरन्न राहोन देह झिजविलात. त्या पुण्याचा थोडा वाटा मजला द्या, तेवढीच आशा उरली."

हे ऐकोन शास्त्रीबोवांच्या पोटात जो पीळ पडला तो ढाळांचा नव्हता. बोलावे तर जन्माची ख्याती जाते. न बोलावे तर माणूस जातो, मागोमाग फौजा जातात. वाट्यास द्यावे ऐसे पुण्य कोठे आहे, हे तेच एक जाणत होते. आणि डोलीचा दांडा धरोन ते उठले आणि म्हणाले, "महाराज, दोर सोडा. म्या बासुंदी खाल्ली."

महाराज म्हणाले, "किती?"

"दोन वाट्या."

"आणि अनुष्ठान?"

"पहिल्या वाटीस मोडले. दुसरी मोडल्यावरची."

महाराजांस हसू आले, आणि हसता हसता पोट आवळोन पुन्हा पळावे लागले. त्र्यंबकवैद्यांनी मात्र तात्काळ नरहरभटांस बोलावोन हात पुढे करविले. उजवे हाताचे बोट पिकोन सुजले होते, वर मळकी चिंधी. वैद्य म्हणाले, "याच हाताने आटविलेले दूध गाळिलेत?"

नरहरभट म्हणाले, "हातच तो, दुसरा कोठोन आणू?"

वैद्य म्हणाले, "या उन्हाळ्यात दूध रात्रभर कोमट राहिले, त्यात या बोटाची लस उतरली, तेच विष जाहले. विहीर निर्दोष आहे." आणि विहिरीचे पाणी आणवोन सर्वांदेखत तांब्याभर प्याले. दिवस मावळला तरी ते जागचे हलले नाहीत, तेव्हा सर्वांची खात्री जाहली.

हैबतरावांस मुक्त केले, आणि महाराजांनी स्वतः त्यांची क्षमा मागितली. नरहरभटांस बोट बरे होईतो चुलीकडे येण्याची मनाई जाहली, आणि दुधाचे पक्वान्न केले त्याच दिवशी वाढावे, उरले तर टाकावे, ऐसा हुकूम सुटला. मग तह जाहला. कोणासच वाद घालण्याची शक्ती नव्हती, म्हणोन कुरण दोहींकडील गुरांस मोकळे ठेविले.

शास्त्रीबोवांनी राजगुरूपद सोडो द्यावे म्हणोन विनविले. महाराज म्हणाले, "पद असो द्या. उपास सोडा." शास्त्रीबोवांनी ते मान्य केले. लोक पूर्वीइतके लवोन नमस्कार करीत नासे जाहले, परंतु खरी साक्ष पाहिजे तेव्हा त्यांचेच दारी येऊ लागले. दुर्गाबाईंनी त्यांस मऊ भात वाढिला, आणि त्यांनी दार उघडे टाकोन तो खाल्ला.

तात्पर्य, या प्रसंगी उभय राज्ये वाचली, मनुष्य एकही मेला नाही, आणि रक्ताचा थेंब सांडला नाही. जे सांडले ते बखरीत लिहू नये. इति.