परीक्षेच्या खोलीतला दुसरा माणूस

मी त्या परीक्षेत पास होणार, ही काळ्या दगडावरची रेघ होती. प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नाही. आमची कंपनी लिफ्ट बसवते. नव्या इस्पितळातल्या लिफ्टचं काम हे प्रमाणपत्र मिळवणाऱ्यालाच देणार, असं साहेबांनी भर मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं, आणि ते सांगताना ते माझ्याकडे बघत होते. निदान मला तरी तसं वाटलं.

प्रशिक्षणाला मी पहिल्या रांगेत बसायचो. आमच्या प्रशिक्षक बाई म्हणायच्या, "काम माणसांमुळे बिघडत नाही, माणसांना नीट न सांगितल्यामुळे बिघडतं." हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जेवताना मी ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागलो. बायको म्हणाली, "मग भाजीत मीठ कमी आहे हे नीट सांग की. तोंड कशाला वाकडं करतोस?"

परीक्षा घरूनच द्यायची होती, पण नियम तुरुंगासारखे. कॅमेऱ्यातून निरीक्षक बाई बघणार. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, खुर्चीवरून उठायचं नाही. मला तर स्फुरणच चढलं. परीक्षेआधीच एक प्रकल्प हातात आला होता!

आदल्या संध्याकाळी मी बायकोला आणि बाबांना समोर बसवलं. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या कानाशी जाऊन सगळं समजावलं. "सकाळी दहा वाजले की जो जिथे असेल, तिथेच थांबायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही. काही झालं तरी कुणाला दिसायचं नाही."

बाबांनी मान डोलवली. ते पूर्वी सैन्यात होते. हुकूम म्हणजे हुकूम.

बायकोला म्हटलं, "तू खोलीला बाहेरून कडी लाव. मी आतून हाका मारल्या तरी उघडू नकोस. ऐन वेळी मला चहाचा मोह होतो."

"नक्की?"

"गयावया केली तरी नाही."

सकाळी परीक्षेआधी निरीक्षक बाईंनी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगितली. पलंगाखालची जागा दाखवली, पडद्यामागची दाखवली. कपाट उघडलं, तर बायकोने टेबलावरून उचलून कोंबलेलं सगळं सामान माझ्या अंगावर कोसळलं. मी हसून ते पायाने बाजूला सारलं.

"मागचं ते दार कसलं?"

"बाथरूमचं. रिकामंच आहे," मी छातीठोकपणे सांगितलं.

दहाच्या ठोक्याला परीक्षा सुरू झाली आणि माझी गाडी सुसाट सुटली. प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर सुचत होतं. मनातल्या मनात मी इस्पितळाच्या लिफ्टमधून वरखाली करू लागलो. तेवढ्यात लॅपटॉपमधून निरीक्षक बाईंचा आवाज आला.

"तुमच्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही मॅडम."

"नीट बघा."

लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात माझं छोटं चित्र दिसत होतं. त्यात माझ्या खांद्यामागून, कमरेला पंचा गुंडाळलेले बाबा चवड्यांवर चालत दाराकडे निघाले होते. अंगावरून पाणी निथळत होतं. दहा वाजले तेव्हा ते आंघोळीला आत होते, आणि हुकमाप्रमाणे तिथेच थांबले होते. आता बहुधा थंडी सोसवेना. त्यांनी दार ढकललं, ते बाहेरून बंद. तसेच चवड्यांवर परत फिरले आणि बाथरूममध्ये गडप झाले.

समोरचा प्रश्न होता: 'योजनेत विचारात न घेतलेली व्यक्ती ऐन वेळी समोर आली, तर तुम्ही प्रथम काय कराल?'

"मॅडम, ते माझे वडील आहेत. ते आत्ता बाहेर जातील," म्हणत मी उठलो आणि दार बडवलं. "अगं, दार उघड."

कडी जागची हलली नाही.

"अगं, चहासाठी नाही! बाबा आत आहेत!"

"बाबांचं नाव पुढे करू नकोस," बाहेरून दबक्या आवाजात उत्तर आलं. "ते बागेत गेलेत. बस जाऊन."

"बाथरूम दाखवा," निरीक्षक बाई म्हणाल्या.

मी लॅपटॉप उचलून बाथरूमचं दार उघडलं. बाबा उलट्या बादलीवर ताठ बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आजोबा, तुम्ही यांना उत्तरं सांगत होतात का?"

बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"बाबा, बोला ना. काहीतरी सांगा त्यांना," मी त्यांच्या कानात ओरडलो.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं युद्धात फितुराकडे पाहतात, आणि ओठांवरचं बोट आणखी घट्ट दाबलं.

परीक्षा तिथेच थांबवण्यात आली. पण बायकोने दार उघडलं ते परीक्षेची वेळ पूर्ण संपल्यावरच. तोवर बाबा माझा सदरा घालून पलंगावर घोरत होते आणि मी कपाटातलं सामान आवरत होतो. ती आनंदाने फुललेली. "किती ओरडलास रे मध्ये! पण मी बधले नाही." मला तिचे आभार मानावे लागले.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. साहेब भले माणूस. त्यांनी पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी दिली आणि लिफ्टचं काम तोवर राखून ठेवलं. निकालपत्र मात्र बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. त्यात लिहिलं होतं, की उमेदवार जागेवरून उठला, दार बडवलं, आरडाओरडा केला, म्हणून परीक्षा रद्द. खोलीतल्या दुसऱ्या व्यक्तीने मात्र शांततेचा नियम शेवटपर्यंत पाळला.

बाबांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचून घेतली. मग समाधानाने पाय पसरून म्हणाले, "पुढच्या खेपेला तू बाहेर थांब. मी बसतो."