लाल, पिवळा, निळा

चेन्नईत, आमच्या नुंगंबाक्कमच्या इमारतीतले रामोजी राव कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नसत. जिन्यात गाठ पडली की चष्मा कपाळावर चढवून विचारत, “कोण्या फेजवर आहां?”

राव तंजावरी मराठी. शहाजीराजांच्या काळातली वाटावी अशी भाषा, वर तमिळ हेल. त्यामुळे साध्या चौकशीलाही दरबारी थाट यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बिचकून “सध्या बराय” म्हणालो.

त्याचं असं, की आमच्याकडे प्रत्येक घरात दाराशी तीन इवले दिवे होते, लाल, पिवळा, निळा, आणि खाली एक फिरवायचा खटका. विजेच्या तीन तारा, म्हणजे तीन फेज, त्यातली हवी ती घ्या. मे महिन्यात पंखा मंदावला की मद्रासी माणूस देवाला हात जोडत नाही, खटक्याला हात घालतो. मग अख्खी इमारत एकदमच चांगल्या तारेवर उडी मारते आणि ती चांगली तार जागच्या जागी मान टाकते!

राव या उड्यांचे फौजदार होते. लुंगी खोचून, हातात व्होल्टमीटर घेऊन रोज संध्याकाळी दारोदार गस्त. वरच्या मजल्यावरची आयटीतली पोरं कुरकुरायची, “अंकल, निळ्यावर एसी बंद पडतो!”

“पडूं दे. वारा खिडकींतूनही येतो. फिरव निळ्यावर!”

माझ्या दारी मात्र उलटा हुकूम. “तुम्ही लालवर राहा. खटक्याला हात लावूं नका.”

मला काय, बरंच होतं. माझ्या आईला प्राणवायूचं मशीन लागायचं आणि व्होल्टेज पडलं की ते किंचाळून बंद व्हायचं. त्या उन्हाळ्यात ते एकदाही किंचाळलं नाही. श्रेय मी अर्थातच माझ्या स्टॅबिलायझरला दिलं. जॉर्ज टाउनमध्ये घासाघीस करून आणलेला! मी चार जणांना त्या दुकानाचा पत्ताही दिला. राव ऐकत उभे असायचे. “होय होय, उत्तम डबा,” म्हणायचे.

मग आमच्या गल्लीत प्रयोगादाखल नवे मीटर बसले. घराघरातलं व्होल्टेज आणि तार, सगळं थेट विजेच्या ऑफिसात दिसणार. राव त्या मीटरांकडे सवत आल्यासारखे बघायचे.

महिन्याभरानं एक तरुण इंजिनीअर बाई लॅपटॉप घेऊन आल्या. “पिवळ्या तारेवर समोरचं लग्नाचं कार्यालय आहे,” त्या म्हणाल्या. “ती सारखी कोसळते. तुमच्या इमारतीत तिच्यावर एकच घर आहे. अख्खा मे महिना! पंखासुद्धा फिरला नसेल. खटका मोडलाय का त्यांचा?”

“घर कुणाचं?”

“रामोजी राव.”

मी तडक त्यांच्या दारी. राव उघड्या अंगानं विंझणा हलवत बसले होते.

“राव, हे काय? लालवर का नाही आलात?”

“मी आलों असतों तर मागून सगळेच आले असते. लालवर गर्दी झाली असती तर अम्मांचें यंत्र थांबलें असतें.”

“मग सांगायचं नाही?”

“अय्यो! सांगितलें असतें तर अम्मा घाबरल्या असत्या. तुम्हीही डब्यावर खूश होतां.”

त्या आठवड्यात विजेच्या ऑफिसनं लग्नाच्या कार्यालयाचा भार दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर नेला. तिन्ही दिवे सारखे लखलखले. मशीन मजेत गुरगुरायला लागलं, रावांचा पंखा गरगरायला लागला, वरच्या पोरांचा एसी चालला. माझा जीव असा भांड्यात पडला की आवाज शेजारी गेला असेल!

फक्त संध्याकाळी दार वाजेना. व्होल्टेज आता ऑफिसलाच कळत होतं, गस्त कशाला? राव दार लोटून आत, एकटेच. बायको जाऊन वर्षं झालेली, मुलगी परदेशात.

चार संध्याकाळी आईनं वाट पाहिली. पाचव्या दिवशी तिनं मला फिल्टर कॉफी करायला लावली, दोन पेले. स्वतः नळी सावरत दारापर्यंत गेली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “राव! आमच्याकडे जरा मंद वाटतंय हो. बघून जाता?”

डोक्यावर दिवा ढणढणत होता.

जिन्यापलीकडचं दार उघडलं. चष्मा कपाळावर, हातात व्होल्टमीटर. रावांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा कॉफीच्या दोन पेल्यांकडे.

“होय अम्मा,” ते गंभीरपणे म्हणाले, “मंदच आहे. रोज पाहावें लागेल.”