आधी साबण

नळाला पाणी यायच्या आधीच अंगभर साबण लावून मोरीत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सामंत. वाशीला आमच्या समोरच्या दारात राहायचे.

वाशीत तेव्हा सकाळचं पाणी कधी सहाला यायचं, कधी आठला, आणि कधी नळातून नुसती फुसफुस हवा यायची. आम्ही सगळे मिळेल तेव्हा पिंप, कळश्या, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचो. सामंतांच्या घरात एकच बादली, आणि तीही पालथी. "पाणी साठवणं म्हणजे पाण्यावर अविश्वास दाखवणं, जोशी! आपण तयार राहायचं. मग ते येतंच." असे ते तयार राहायचे, आणि साबण वाळून अंग ओढायला लागलं की पंचा गुंडाळलेली ती पांढरीफटक मूर्ती आमची कडी वाजवायची. "येतंय, येतंय. तोवर एक बादली द्या."

म्हणजे विश्वास यांचा आणि पाणी आमचं! आमची ही दर वेळी बादली माझ्या हातात आदळायची आणि म्हणायची, "द्या तुमच्या मित्राला." मी त्यांचा मित्र नव्हतो. मी फक्त समोर राहत होतो.

फोर्टातल्या ऑफिसाबाहेर फुटपाथवर त्यांना सकारात्मक विचारांचं कुठलंसं पुस्तक मिळालं, तेव्हापासूनचं हे खूळ. त्या दिवसापासून त्यांनी 'नाही' हा शब्द टाकला, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकणंही सोडलं. वाण्यानं "साखर नाही" म्हटलं की हे त्याला सुधारायचे, "यायचीय म्हणा!" शेवटी वाणी वैतागला. म्हणाला, "साखर यायचीय, रवा यायचाय, डालडा यायचाय. आता तुमी पन उद्या या ना शेट!"

बरं, वाशी हे अशा माणसाला नेमकं मानवणारं गाव. तिथे सगळंच व्हायचं होतं. सामंतांनी ते होऊन गेलं असं धरलं होतं. संध्याकाळी फिरायला निघालो की बाभळीच्या झुडपांकडे हात करून म्हणायचे, "हे नाट्यगृह." चार म्हशी बसलेल्या डबक्याला वळसा घालायला लावायचे, कारण ते उद्यान होतं. आणि पलीकडे खाडीच्या बाजूला जी चिखलाची मोकळी जागा होती, ते स्टेशन. वाशीला रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती, पण सामंत घराचा पत्ता सांगताना बिनदिक्कत सांगायचे, "स्टेशनच्या समोर."

हाच पत्ता त्यांनी सामंतवहिनींच्या भावाला सांगितला. बिचारा गिरगावातून बस बदलत बदलत बहिणीकडे जेवायला आला आणि स्टेशन शोधत निघाला. मासे घेऊन चाललेल्या एका बाईनं त्याला बजावलं, "टेशन कुठं हाय बाबा? फुडं समदं पानी हाय!" पण याचा मेव्हण्यावर विश्वास. दुपारी तो आमच्या जिन्यात उभा राहिला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल आणि हातात बर्फीचा ओला पुडा.

वहिनी आधीच इथे रमल्या नव्हत्या. गिरगावात दार उघडलं की चाळीतली दहा माणसं बोलायला. इथे दार उघडलं की वारा. भावाचे पाय धुताना त्यांना रडू कोसळलं. त्याच संध्याकाळी पिशवी भरून त्या त्याच्याबरोबर निघाल्या. जिन्यातून एवढंच म्हणाल्या, "तुमचं ते स्टेशन झालं की बोलवा."

दुसरा कुणी असता तर गिरगावात जाऊन हात जोडून बायकोला घेऊन आला असता. पण हे सामंत! "येतेय," असं सगळ्यांना सांगायचे. रोज दोघांचा कुकर लावायचे, आणि उरलेला वरणभात बादलीच्या बदल्यात आमच्याकडे आणून द्यायचे. मला तर सोयीचा शेजारी हवा होता, पण नशिबी हा आला होता.

अशात शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान लागलं, 'सकारात्मक विचारांची किमया'. मी येत नाही म्हणालो. सामंत म्हणाले, "म्हणजे येताय. मेव्हण्याच्या ऑफिसात फोन करून निरोप दिलाय. हीसुद्धा येतेय. एकदा तिनं हे ऐकलं की झालं."

आम्ही तासभर आधी जाऊन बसलो. आमच्या मधल्या खुर्चीवर त्यांनी इस्त्रीचा रुमाल पसरला. हॉल भरत गेला. जो तो विचारायचा, "इथं कुणी आहे?" आणि हे म्हणायचे, "आहे, आहे. येतेय." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर माझ्याकडेच असं पाहिलं, जणू तो रुमाल माझ्या तीर्थरूपांचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वक्ते सफारी घालून आले. हॉलमध्ये डास इतके, की लोक चटाचट मारत होते, आणि वक्त्यांना वाटत होतं टाळ्या पडताहेत. त्यामुळे ते अधिकच रंगात आले. "डोळे मिटा! जे हवंय ते झालेलं पाहा!" सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. सामंत मिटल्या डोळ्यांनी मधल्या खुर्चीकडे वळून बसले होते, आणि चेहऱ्यावर हसू होतं. मी दुसरीकडे पाहायला लागलो.

शेवटी कुणाला शंका आहे का, असं विचारलं. रुमालाच्या पलीकडे सामंत उभे राहिले. मी कपाळावर हात मारला.

"सर, डोळे मिटून चित्र मी रोज पाहतो. अगदी स्पष्ट दिसतं," ते म्हणाले. "पण डोळे उघडल्यावर काय करायचं?"

"पुन्हा मिटायचे!" वक्ते म्हणाले. हॉल हसला. या वेळी खऱ्या टाळ्या पडल्या.

परतताना मी मनातल्या मनात सगळं तयार केलं होतं. आज यांना सुनावायचंच. बाभळींपाशी आलो तरी त्यांनी नाट्यगृहाचं नाव काढलं नाही. रुमालाची घडी घालत, घातलेली मोडत, पुन्हा घालत चालले होते. मग म्हणाले, "नाही आली हो."

त्यांच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं. तयार केलेलं सगळं मी तिथेच सोडून दिलं. "बस चुकली असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची कडी वाजलीच नाही. हिनं दोनदा दाराकडे पाहिलं. शेवटी मीच दार उघडलं. सामंतांचं दार सताड उघडं, आणि ते उंबऱ्यावर कोरडा पंचा खांद्यावर टाकून बसले होते.

"काय सामंत, आज साबण नाही?"

"पाणी येऊ दे आधी," ते म्हणाले. "मग बघू."

हे शहाणपणाचं वाक्य त्यांच्या तोंडून निघावं म्हणून मी किती तडफडलो होतो! आणि आता ते निघालं, तर मलाच नकोसं झालं. वाशीत शहाणी माणसं पुष्कळ होती, मी स्वतः होतो. या माणसानं शहाणं व्हायला नको होतं.

मी आत गेलो आणि पिंपातून बादली काठोकाठ भरली. हिनं एक कळशी आणखी माझ्यापुढे सरकवली. दोन्ही नेऊन मी त्यांच्यापुढे ठेवल्या.

"बसलात काय असे?" मी ओरडलो. "उठा, आधी साबण लावा. येतंय!"

त्यांनी बादलीकडे पाहिलं. मग उठले आणि साबण शोधायला आत गेले.