उणे एकशे चाळीस टन गारवा

"अख्खी बिल्डिंग माझ्या बोटावर गार होते!" असं चेतन ढकाते उमरेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. कंडक्टरला तर ते पाठ झालं होतं. रामदासपेठेतली सात मजली काचेची इमारत, तिला गार ठेवणारं चिलर नावाचं धूड तळघरात, आणि त्याचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर आपला चेतन!

त्या दिवशी खंडेनवमी होती. बरोबर बारा वाजता इमारतीचे मॅनेजर मधुकरराव स्क्रीन तपासायला येणार होते. चिलर दोनशे टनांचं. (गारवाही टनांत मोजतात, बरं का!) आकडा दोनशेच्या घरात दिसला की चेतनला पर्मनंटचं पत्र. पत्र मिळालं की भारतीच्या घरी लग्नाची बोलणी. तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, "पर्मनंट झाल्याबिगर आमच्या दारात येऊ नको."

मग पूजा नको? घरी बाबा खंडेनवमीला मागाचा धोटा काढायचे, पुसायचे, पाटावर मांडून पुजायचे. विणकराचंच पोर ते! चेतननं पाइपांमधले तापमान मोजणारे दोन्ही सेन्सर उपसले. एक चिलरमधून गार होऊन निघणाऱ्या पाण्याचा, दुसरा इमारत फिरून कोमट होऊन परतणाऱ्या पाण्याचा. दोघांच्या फरकावरून कॉम्प्युटर टन काढतो. चेतननं दोघांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, उदबत्ती ओवाळली आणि मोठ्या भक्तिभावानं परत बसवले.

अकराला त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. उणे एकशे चाळीस!

"ताराचंदभाऊ! मायनस दाखवून राहिली!"

ताराचंद म्हणजे तळघरातले सर्वांत जुने मेकॅनिक. त्यांनी चष्मा चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि निकाल दिला, "मायनस म्हणजे उलटी चालून राहिली गा! बिल्डिंग गरम करून राहिली!"

"मंग वरचे लोक?"

"शिजून राहिले असतील!"

सहाशे माणसं! पोलीस येणार, पेपरात फोटो येणार, आणि तो फोटो भारतीचे वडील चहा पिता पिता बघणार! तेवढ्यात फोन खणाणला. सहाव्या मजल्यावरच्या रिसेप्शनवरून दामिनी ओरडत होती, "चेतनभाऊ, काय लावलं हे? आम्ही थंडीनं कुडकुडून राहिलो इथं!"

चेतननं फोन ठेवला. चेहरा पांढराफटक.

"टोमणा मारला गा तिनं!"

"मंग बंद कर नं मशीन! काहून पाहून राहिला?"

चेतननं डोळे मिटून चिलर बंद केलं. आकडा सरकला. उणे नव्वद. उणे तीस. शून्य! दोघांनी गळाभेट घेतली आणि प्रसादाचा पेढा अर्धा अर्धा खाल्ला.

पण ऑक्टोबरचं ऊन आणि काचेची इमारत! पंधरा मिनिटांत पुन्हा दामिनी. "आता घाम निघून राहिला!"

"मघाचीच गरमी हाय मॅडम, उतरेल आता!" चेतननं धीर दिला. पाठोपाठ दुसरा मजला, चौथा, सातवा. प्रत्येकाला त्यानं हेच सांगितलं, पण प्रत्येक फोनला त्याचा आवाज थोडा जास्त कापत होता.

बाराला मधुकरराव आले. शर्ट अंगाला चिकटलेला.

"चिलर काहून बंद हाय?"

"साहेब, मी वाचवलं सगळ्यांले! मायनस एकशे चाळीस होतं, झिरोवर आणलं!"

मधुकरराव पाइपांपाशी गेले. झेंडूखालच्या पट्ट्या वाचल्या. गार पाण्याच्या पाइपात 'परत'चा सेन्सर, परतीच्या पाइपात 'गार'चा!

"हे कोणी काढले होते?"

"पूजेले काढले, साहेब..."

"मशीन सुलटीच चालून राहिली होती! सेन्सर तू उलटे बसवले!"

चेतनला रडूच फुटलं. त्यानं सेन्सरांची अदलाबदल केली, चिलर सुरू केलं. इमारत एव्हाना इतकी तापली होती की चिलरला दम घ्यायला फुरसत नव्हती. ऐंशी. एकशे साठ. दोनशे चार! सकाळी इमारत गार असताना जो आकडा कधीच आला नसता, तो आला!

"मशीन पास," मधुकरराव म्हणाले. त्यांनी खिशातून पत्र काढलं, एक शब्द खोडला, वर काहीतरी लिहिलं आणि सही ठोकली. पर्मनंट! चेतन त्यांच्या पायाच पडला. मग उभं राहून त्यानं खोडलेला शब्द वाचला. 'कंट्रोल रूम'. वर लिहिलं होतं, 'सामानाची लिफ्ट'.

"दोनच बटणं हायेत तिथं," मधुकरराव म्हणाले. "वर अन् खाली."

चेतननं पत्र छातीशी घट्ट धरलं आणि भीत भीत विचारलं, "साहेब, यातलं वर जायचं कोणतं?"